सुचवलेली जागा

गोपीनाथ भोईरला तोंडावर सगळे गोपीनाथशेठ म्हणतात आणि त्याची पाठ वळली की ब्राउजशेठ. हे दुसरं नाव त्याला ठाऊक आहे. ते कोणी ठेवलं हेही ठाऊक आहे, म्हणजे निदान तसा त्याचा संशय आहे. आणि गोपीनाथच्या बाबतीत या दोन गोष्टींत फारसा फरक करता येत नाही.

शहाड सोडून टिटवाळ्याकडे निघालं की रुळांच्या दोन्ही अंगांना उंच इमारती उभ्या आहेत. त्यांच्या पायथ्याशी एक गाव अजून दडून बसलेलं आहे. गोपीनाथ त्या गावचा, पिढीजात आगरी. भातशेती गेली, शेतांवर टॉवर आले, आणि आता तो उरलेल्या जमिनीच्या कडेला बांधलेल्या घराच्या तळमजल्यावर राहतो. उमेदीची वर्षं त्यानं शहाडच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काढली. स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला थोडा संशय अंगी बाणवावाच लागतो. गोपीनाथला तो कंपनीतून घ्यावा लागला नाही, घरूनच डबा घेऊन जावा तसा तो घेऊन जायचा.

गॅसचा सिलिंडर आला की तो आधी सील बघतो आणि मग सिलिंडर आणणाऱ्याचा चेहरा. दूधवाल्यानं दूध नीट दिलं तर आज याला काय झालं म्हणून विचारात पडतो. कोणी पाहुणा "सहज आलेलो" म्हणाला की गोपीनाथ आधी त्याच्या पिशवीत डोकावतो. "सहज कोन येतं?" असं तो नंतर बायकोला, कुंदाला, विचारतो. कुंदा एवढंच म्हणते, "मी पन सहजच आलेली या घरात. तवापास्न माजी पन तपासनी चालूच हाय."

हसायला हरकत नाही, पण त्याच्या या स्वभावाला कारण होतं. गोपीनाथचा बाप हिराजी जगावर विश्वास ठेवायचा. नदीकडेला त्यांचा एक मळा होता, सगळ्या शेतात उजवा. एके दिवशी एक गोड बोलणारा माणूस कागदांचा गठ्ठा घेऊन ओटीवर येऊन बसला. "बाबा, नुसता रस्ता जाऊ द्यायचाय शेतातून, बाकी काही नाही," म्हणाला. मग तो पान उलटायचा, बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "इथं अंगठा. आता पुढचं. आता पुढचं." शाईची डबी शाळकरी गोपीनाथनं धरली होती. पावसाळा सरल्यावर मळ्यात भराव पडायला लागला, तेव्हा बाप धावत तलाठ्याकडे गेला, तर सातबाऱ्यावर त्याचं नावच नव्हतं. जमीन जागच्या जागी होती, विहीर होती, चिंच होती; कागदावरून माणूस तेवढा निघाला होता. मग त्या मोकळ्या ठरलेल्या जागेवर बिल्डिंग चढली आणि जमीनही संपली. हिराजी त्यानंतर फार दिवस जगला नाही.

म्हणून सातबारा कॉम्प्युटरवर दिसायला लागल्याचं कळताच गोपीनाथनं कॉम्प्युटर घेतला. पोरांना गेम खेळायला नाही, सिनेमा बघायला नाही. रोज सकाळी चहाच्या आधी तो मशीन लावतो आणि उरलेल्या जमिनीवरचं आपलं नाव जागेवर आहे की नाही ते बघतो. नाव असतंच. मग तो चहा पितो.

या मशीनमध्ये काही नवीन घालायचं म्हटलं की गोपीनाथची खरी परीक्षा सुरू व्हायची. जगातली बाकी माणसं प्रोग्राम टाकताना काय करतात? समोर जी खिडकी येते तिच्यात काय लिहिलंय ते न बघता नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट दाबत सुटतात. गोपीनाथला तो शब्द दिसला की ओटीवरचा तो गोड आवाज ऐकू यायचा. आता पुढचं. आता पुढचं. तो डिक्शनरी काढायचा आणि शब्द न् शब्द लावून वाचायचा. आणि एका खिडकीपाशी येऊन तो थांबायचाच. हा प्रोग्राम कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायचा, असं ती खिडकी विचारायची, आणि खाली एक जागा आधीच लिहून ठेवलेली असायची. सी ड्राइव्हमधली, सगळ्यांना दिली जाते तीच.

"मना सांग," तो कुंदाला म्हणायचा, "आपल्या घरी पावना आला त त्यानं इचारावं ना, शेठ मी कुठं बसू? यो त इचारता इचारता सोताच सांगतं, मी इथं बसतंय. मंग इचारतंय कला? कशापायी?"

सुचवलेली जागा त्यानं एकदाही घेतली नाही. शेजारी ब्राउजचं बटण असतं, ते दाबून तो स्वतःची जागा निवडायचा, नेहमी डी ड्राइव्हमध्ये. त्यातही त्याची एक पद्धत होती आणि तिचा त्याला अभिमान होता. ज्या वस्तूसाठी प्रोग्राम घेतला, त्या वस्तूच्या फोल्डरमध्येच तो प्रोग्राम बसवायचा. कागदपत्रं उघडायचा प्रोग्राम कागदपत्रांत, फोटो बघायचा फोटोंत. मालाच्या उंबऱ्यावर राखणदार झोपवावा तसं. खिडकी पत्त्याच्या शेवटी प्रोग्रामच्या नावाचं एक वेगळं फोल्डर आपणहून जोडायची. ते शेपूट तो खोडून टाकायचा. आपल्या घरात परक्याला वेगळी खोली कशाला? आणि फोल्डरांना नावं तरी कशी, तर मौल्यवान गोष्ट जितकी जास्त, तितकं नाव रद्दी. सगळ्यात मोलाच्या फोल्डरचं नाव होतं 'लाईट बिलं'.

त्या 'लाईट बिलं' फोल्डरात गोपीनाथची आई होती. म्हणजे आईचा आवाज.

गोदाआजी गावाची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी यायच्या आधी आणि भटजी गेल्यानंतरही जिच्यावाचून पान हलत नाही ती बाई. उंबराची फांदी मांडवात येताना, हळद लागताना, नवरी निघताना, दर वेळेचं गाणं वेगळं, म्हणजे धवला वेगळा, आणि तो धवलारणीनं म्हटल्याशिवाय ते काम झालं असं धरत नाहीत. आसपासच्या गावांतली किती लग्नं गोदाआजीच्या गळ्यानं लावली याचा हिशोब तिनंही ठेवला नाही. तिच्यामागं शिकणारं कोणी राहिलं नव्हतं. तेव्हा गोपीनाथची मुलगी दिशा हिनं आजीला गॅलरीत बसवून एकेक धवला मोबाइलवर रेकॉर्ड केला. पुढे आजीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर वाचाही गेली. आता ती हॉलमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असते, सगळं ऐकते, सगळं कळतं, आणि बोलायला गेली की नुसता घोगरा आवाज निघतो.

झटक्यानंतर गोपीनाथनं काय केलं असेल, तर सगळी गाणी मशीनमध्ये उतरवून घेतली आणि दिशाला समोर बसवून तिच्या मोबाइलवरची पुसायला लावली. कारण मितेश. मितेश गोपीनाथचा पुतण्या. हळदीला डीजे लावायचा त्याचा धंदा. त्यानं एकदा सहज विचारलं होतं, "काका, आजीचे धवले द्या ना, खाली बीट टाकतो. नेटवर फुल चालतील." सहज विचारलं हीच चूक. गोपीनाथच्या डोळ्यांपुढे आईचा आवाज गल्लोगल्लीच्या भोंग्यांतून पळताना दिसायला लागला. मोबाइल म्हणजे उघडी खिडकी, हे त्याचं मत पक्कं झालं. गाणी एकाच जागी ठेवली म्हणजे नजर एकाच जागी ठेवता येते.

"पप्पा, एकच कॉपी नका ठेवू," दिशा तेव्हा रडवेली होऊन म्हणाली होती.

"दोन जागा म्हंजे चोराला दोन दारं," गोपीनाथ म्हणाला.

मग दिशाचं लग्न ठरलं. मुलगा डोंबिवलीकडचा, नयन पाटील. ठाण्याच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम करायचा. चांगला, शांत, वडीलधाऱ्यांपुढे पाय न पसरणारा. एवढा चांगला मुलगा सरळ आपल्या दारात कसा आला, या विचारानं गोपीनाथची झोप उडाली. त्यानं नयनच्या ऑफिसच्या बाहेर उभं राहून तो खरंच आत जातो का ते बघितलं. जात होता. त्यामुळे संशय आणखी वाढला, कारण एवढी सफाई फक्त तयारीच्या माणसाकडेच असते.

लग्नाचं सगळं ठरलं आणि एक गोष्ट न बोलता सगळ्यांनी गृहीत धरली. नातीच्या लग्नात धवला आजीचाच होणार. गावात दुसरी धवलारीण नव्हती, आणि असती तरी गोदाच्या नातीला परकीच्या गळ्यानं हळद कोण लावेल? स्पीकर लावून आजीची गाणी वाजवायची आणि बायकांनी मागून सूर धरायचा. दिशानं हे आजीला सांगितलं तेव्हा आजीनं डाव्या हातानं तिचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

लग्नाच्या आधीच्या रविवारी नयन घरी आला. चहा घेता घेता म्हणाला, "काका, आजीच्या गाण्यांचा बॅकअप आहे ना?"

गोपीनाथचा कप हातातच राहिला. "तुला कोन बोललं गान्यांचं?"

"दिशा बोलली. नसेल तर मी घेऊन ठेवतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांचं," गोपीनाथ म्हणाला, आणि विषय बदलून पाण्याच्या टाकीवर गेला. पण नंतर तो नयनला पाण्याची मोटर बघायला बाहेर घेऊन गेला तेव्हा नयन मध्येच हात धुवायला म्हणून आत आला होता. वाटेवर कॉम्प्युटरची खोली. एकटा. गोपीनाथनं हे मनात लिहून ठेवलं.

आता गाणी वाजवायचा जो प्रोग्राम होता, तो अर्थातच 'लाईट बिलं'मध्येच बसवलेला होता, शेपूट खोडून, गाण्यांच्या अगदी मांडीला मांडी लावून. नयन येऊन गेल्यापासून गोपीनाथची नजर त्या प्रोग्रामवर फिरली. प्रोग्राम हल्ली सारखा विचारायचा, नवीन आवृत्ती आलीय, इंटरनेट जोडू का? याला इंटरनेट कशाला हवंय? आणि हे नयन आल्यावरच का सुरू झालं? खरं तर ते आधीही होतं, पण संशयाला तारखा पाठ नसतात. राखणदारच फितूर झाला असावा अशी त्याची खात्री झाली. मंगळवारी सकाळी सातबारा बघून झाल्यावर त्यानं तो प्रोग्राम काढून टाकायला घेतला.

काढतानाही एक खिडकी आली. गोपीनाथनं नेहमीसारखं वाचलं. प्रोग्रामच्या फोल्डरमधलं सगळं काढून टाकायचं का, असं तिनं विचारलं होतं आणि समोर टिक करायला चौकोन होता. चौकोन मोकळाच होता. गोपीनाथला हसू आलं. म्हणजे याला काहीतरी मागं ठेवून जायचंय! जाताना एखादा डोळा, एखादा कान ठेवून जायचा याचा बेत असणार. त्यानं ठसठशीत टिक केली. काही म्हणजे काही मागं राहता कामा नये. खिडकीनं पुन्हा एकदा विचारलं, नक्की का? तेव्हा तर तो जवळजवळ ओरडलाच, "नक्की!"

मग त्यानं दुसरा प्रोग्राम आणून बसवण्याआधी गाणी नीट आहेत ना ते बघायला 'लाईट बिलं' उघडायला घेतलं. फोल्डर नव्हतं.

त्यानं डी ड्राइव्ह वरपासून खालपर्यंत पाहिला. कचऱ्याची टोपली पाहिली. मशीन बंद करून पुन्हा लावलं, जसं काही गाणी बाहेर फिरायला गेलीत आणि दार लावून उघडलं की परत येतील. हॉलमध्ये आई खुर्चीत बसलेली होती आणि दोघांच्या मध्ये फक्त एक भिंत होती. मळा गेला त्या दिवशी बापाचा चेहरा जसा झाला होता तसा आपला झालाय हे त्याला आरशाशिवाय कळलं.

पण गोपीनाथचा गोपीनाथपणा इथंही आड आला. आपण काय केलं हे त्याच्या मनाला शिवलंही नाही. आपण तर सगळं वाचून केलं! ज्यानं वाचलं नाही त्याचं जातं, वाचणाऱ्याचं कसं जाईल? तेव्हा हे दुसऱ्या कोणाचं काम. आणि दुसरा कोण, हे तर त्याला रविवारपासून माहीत होतं.

त्यानं नयनला फोन लावला. "रविवारी माज्या मशीनला तू काय केलंस?"

"काय झालं काका?"

"ते तू सांगायचंस. आयची गानी गेलीत. गानी परत आल्याशिवाय मांडव उबा ऱ्हानार नाय, यवरं ध्यानात ठेव." आणि फोन ठेवला.

घरात जो गोंधळ उडाला तो सांगण्यासारखा नाही. कुंदा कपाळाला हात लावून बसली. दिशा आधी पांढरीफटक पडली आणि मग बापावर कधी नव्हे ती ओरडली, "तुम्ही त्याला चोर बोललात? त्याच्या आईबाबांना काय सांगेल तो? पप्पा, माझं लग्न मोडायचंय का तुम्हाला?" मितेश मांडवाचं सामान बघायला आलेला, तो दारातच थिजला. आणि गोदाआजी. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण भिंतीपलीकडचं सगळं ऐकू आलं होतं. ती डावा हात खुर्चीच्या हातावर आपटत राहिली, आणि तिचा तो घोगरा आवाज घरभर फिरत राहिला. गोपीनाथला तो ऐकवेना. तो खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं.

पुसलेल्या फाइली परत आणून देणारे प्रोग्राम असतात हे त्यानं कुठल्या तरी व्हिडिओत बघितलं होतं. तसला एक शोधून त्यानं उतरवून घेतला, उतरवला तोही डी ड्राइव्हवरच. बसवायला घेतला. खिडकी आली. कुठं ठेवू? खाली सुचवलेली जागा, सी ड्राइव्ह. गोपीनाथनं ब्राउज दाबलं, डी ड्राइव्हवर 'लाईट बिलं' नावाचं नवं फोल्डर केलं, शेपूट खोडलं. जिथून गाणी गेली तिथंच शोधणाऱ्याला बसवायचं, दुसरीकडे बसवून कसं चालेल? आता फक्त नेक्स्ट दाबायचं होतं.

"काका, थांबा! नेक्स्ट दाबू नका!"

दारात नयन होता. हेल्मेट अजून हातात. फोन ठेवल्या ठेवल्या ऑफिसातून निघून बाइक हाणत आलेला. गोपीनाथला वाटलं होतं तो येणार नाही. गुन्हेगार येत नाही. आला म्हणजे आणखी काहीतरी पुसायला आला.

"कला थांबू?"

"तो प्रोग्राम डीवर टाकू नका. सीवरच ठेवा, तो सुचवतोय तिथं."

"हां," गोपीनाथ सावकाश म्हणाला. "म्हंजे तू आनि यो, दोगं एकच जागा सांगताव."

नयनच्या चेहऱ्यावर राग येऊन गेला. तो येणारच; माणूस होता तो. पण त्यानं हेल्मेट खाली ठेवलं आणि खुर्चीशेजारी उकिडवा बसला.

"काका, पुसलं म्हणजे गाणी लगेच नष्ट होत नाहीत. समजा सातबाऱ्यावरून नाव काढलं. जमीन असते ना तिथंच? पण कागदावर ती मोकळी दिसते. मोकळी दिसते म्हणून कोणीही येऊन तिच्यावर बिल्डिंग बांधू शकतो. बांधली की मग संपलं." त्यानं पडद्यावरच्या पत्त्यावर बोट ठेवलं. "तुमची गाणी अजून तिथं खाली आहेत. आणि तुम्ही आत्ता त्यांच्याच डोक्यावर बिल्डिंग बांधायला निघालात."

गोपीनाथचा माउसवरचा हात उचलला गेला. पुढच्याच क्षणी नेहमीचा किडा वळवळला. याला सातबाऱ्याचं कसं माहीत? कोणी सांगितलं? दिशानं सांगितलं असणार. आपली दुखती जागा धरून हा आपल्याला वळवतोय. ओटीवरचा माणूसही असाच बापाच्या भाषेत बोलला होता, भाताच्या, पाण्याच्या, रस्त्याच्या गोष्टी. त्यानं नयनकडे निरखून पाहिलं. पोराच्या कपाळावर घाम होता आणि तो पडद्याकडे बघत होता, गोपीनाथकडे नाही. ओटीवरचा माणूस सगळा वेळ बापाच्या चेहऱ्याकडे बघत होता. एवढा एकच फरक गोपीनाथला सापडला. तेवढ्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे काय, हे त्याचं त्यालाच माहीत.

त्यानं आपण लिहिलेला पत्ता खोडला. सुचवलेली जागा परत आली. आयुष्यात पहिल्यांदा तिला हात न लावता त्यानं नेक्स्ट दाबलं.

प्रोग्राम शोधत राहिला. मग एकेक नाव वर यायला लागलं. हळदीचा धवला. उंबराचा. देवांना मांडवात बोलावण्याचा. नयननं एक लावून बघितला आणि गोदाआजीचा धडधाकट, खणखणीत आवाज खोलीत उभा राहिला. हॉलमधलं खुर्चीवरचं आपटणं बंद झालं. गोपीनाथनं धोतराचा सोगा नाही म्हणून बनियनलाच डोळे पुसले.

एक गाणं मात्र धड आलं नाही. नवरी मांडवातून निघते तेव्हाचं. सुरुवातीच्या ओळी झाल्या की नुसती खरखर. "यावर काहीतरी उतरवलं गेलंय," नयन म्हणाला. काय उतरवलं हे गोपीनाथला सांगावं लागलं नाही. शोधायचा प्रोग्राम त्यानंच डीवर आणून टाकला होता.

"पण काका, मुळात गेली कशी? तो गाण्यांचा प्लेयर कुठं दिसत नाही."

"त्याला काढला मी. फितूर होता."

"कसा काढला?"

गोपीनाथनं सांगितलं. जागा सांगितली, शेपूट खोडायची पद्धत सांगितली, चौकोन सांगितला, टिक सांगितली. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला. फोल्डरमधलं सगळं. प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये, त्या फोल्डरमधलं सगळं. त्यानं वाचलं होतं, शब्द न् शब्द वाचलं होतं. यंत्रानं कपट केलं नव्हतं. दोनदा विचारलं होतं आणि दोनदा त्यानं हो म्हटलं होतं.

नयननं त्याच्याकडे पाहिलं, मग नजर फिरवली. गाणी दुसरीकडे उतरवून घेतली आणि उठला.

दोघं हॉलमध्ये आले. कुंदा उभी होती, दिशा आजीच्या खुर्चीला धरून उभी होती, मितेश दारात होता. सगळे नयनकडे बघत होते. चोर पकडला गेला की सुटला, हे बघायचं होतं.

"मिळाली गाणी," नयन म्हणाला. "एक सोडून सगळी. डिस्क जुनी झालीय हो, बाकी काही नाही. जुनी डिस्क अशी कधीकधी फाइली खाते. कोणाचीच चूक नाही."

कुंदानं सुटकेचा श्वास सोडला. दिशाचे खांदे खाली आले. झालं होतं, एवढ्यावर सगळं निभावत होतं. गोपीनाथनं फक्त गप्प बसायचं होतं, मांडव उभा राहिला असता, चहा आला असता, आणि सकाळचा फोन घाईतली गोष्ट म्हणून विसरला गेला असता. पण समोर कोणी खोटं बोललं आणि गोपीनाथ भोईर गप्प बसला, असं या गावात कधी घडलेलं नाही.

"खोटं बोलतंय यो," तो म्हणाला.

"पप्पा!" दिशा किंचाळली.

"खोटं बोलतंय. डिस्कला काय एक झालेलं नाय. मी पुसली. टिक केली मी, माज्या हातानं. आनि नवरीचा धवला गेला तो पन माज्यामुलंच गेला. यानं कशाला हात नाय लावला."

मितेश जमिनीकडे बघत राहिला. कुंदाच्या ओठांवर अनेक वर्षं साठवलेलं बोलणं आलं होतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

नयनच कासावीस झाला. "जाऊ द्या ना काका. असं कोणाच्याही हातून होतं."

"ये पन खोटं," गोपीनाथ म्हणाला, आणि आता त्याला रडू आवरलं नाही. "कोनाच्याबी हातून नाय होत. ज्याला समदं जग चोर दिसतं ना, त्याच्याच हातून होतं. तुला चोर बोललो रं मी, पोरा. माज्या आयला मीच पुसली आनि तुला चोर बोललो."

खुर्चीतून घोगरा आवाज आला. गोदाआजी डावा हात हलवून त्याला जवळ बोलावत होती. गोपीनाथ गेला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, पांढऱ्या केसांचा, पोट सुटलेला, नाक गळणारा. आईनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि डाव्या हातानं त्याच्या गालावर एक चापट दिली. फार जोरात नव्हती, पण ती चापटच होती, सगळ्यांना ऐकू गेली.

चापट मारून झाल्यावर तिनं हात काढला नाही.